कासवाच्या पाठीवरचं नाव

दिएप मला कधीच आवडली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की लुआ म्हातारपणी त्या पोरीचे गोडवे गायला लागली. सोळा वर्षांची, अंगाने काटकुळी, केस पोरासारखे कापलेले, आणि जीभ अशी की वडीलधाऱ्याने दोन शब्द बोलावेत तर ही चार परत करणार. वाटेत भेटली तर मान झुकवायची, पण तीही उपकार केल्यासारखी.

तिची आई हाओ माझी तीस वर्षांची मैत्रीण. एकाच वर्षी आम्ही लग्न होऊन या गावात आलो, एकाच बांधावर उभ्या राहून भाताची रोपं लावली. तिला उशिरा मूल झालं, ते हे एकच. नवरा थुअन खडी फोडण्याच्या कारखान्यात होता. भला माणूस, बोलायचा कमी आणि हसायचा जास्त. मला मूलबाळ नाही, नवरा कधीच गेला, त्यामुळे दर नव्या वर्षाला माझं पान त्यांच्याच घरी. दिएप महिन्याची झाली तेव्हाचा गोड भात मी शिजवला आहे. म्हणून तर तिचा जास्त राग यायचा.

माझा धंदा विहाराच्या फाटकाशी. एक मोठी छत्री, चार पिंजरे, तीन घमेली. पिंजऱ्यांत मुनिया, घमेल्यांत वाम, गोगलगाई, खेकडे. लोक विकत घेतात, भिक्खू मंत्र म्हणतात, मग पक्षी आभाळात आणि वाम तळ्यात. जीव सोडला की पुण्य लागतं, आजार उतरतो. माझ्या आधी सासू इथे बसायची.

मागणं मोठं असेल तर मात्र कासव. त्याच्या पाठीवर आजाऱ्याचं नाव कोरायचं. कासव शंभर वर्षं जगतं, त्याच्याबरोबर नाव जगतं आणि नावाबरोबर माणूस, असं आमच्याकडे सगळेच मानतात. ते कोरण्यात माझा हात धरणारं आसपासच्या सात-आठ गावांत कुणी नाही. सासू उथळ कोरायची, वर्षभरात बुजून जायचं. मी खोल कोरते. कासव गुडघ्यांत आवळून धरायचं, पातळ पात्याचा चाकू घ्यायचा आणि एकेक अक्षर सरळ रेषेत काढायचं. कासव ओरडत नाही, म्हणजे त्याला काही होत नसणार, असं धरून चालायचं.

जंगलाच्या कडेला कासवांचं केंद्र आहे. चोरट्यांकडून पकडलेली कासवं वनखातं तिथे आणून देतं. तिथले लोक त्यांना बरं करतात आणि परत डोंगरात सोडतात. दिएप चौदाव्या वर्षी शाळेबरोबर ते बघायला गेली आणि तिथलीच झाली. दर रविवारी तिथे, सुट्टी लागली की रोज तिथे, आणि सगळं फुकट! घरी स्वतःचं ताट उचलायची नाही, पण तिथे शेवाळलेल्या टाक्या घासायची, गांडुळं चिरायची, कासवांची वजनं वहीत लिहायची. डोंगरी कासवं अळंबीशिवाय धड काही खात नाहीत, म्हणून पावसात टोपली घेऊन बांबूच्या बनातून अळंबी गोळा करत हिंडायची. हाओ म्हणायची, "माझ्या तोंडात कधी एक अळंबी घातली नाही हो या कार्टीने!"

गेल्या वर्षी ती माझ्या छत्रीपाशी येऊन उभी राहिली. समोर गिऱ्हाईक होतं.

"मावशी, कवच म्हणजे हाड असतं. नख नव्हे. तुम्ही कोरता ते दुखतं त्याला, मग तिथे कुजतं."

"तुला कासवाने येऊन सांगितलं?"

"रोज सांगतं. तळ्यातून चालत बाहेर आलेली येतात ना आमच्याकडे, तुमच्या अक्षराची."

गिऱ्हाईक बाई नाव न कोरताच उठून गेली. माझं डोकं फिरलं. "पुन्हा इथे दिसलीस तर तंगडं मोडून हातात देईन," मी म्हणाले.

"द्या. केंद्रात प्लास्टर आहे," ती म्हणाली आणि सायकलवर बसून निघून गेली.

या उन्हाळ्यात थुअनने अंथरूण धरलं. छातीत खडीची धूळ भरली होती; जिल्ह्याच्या दवाखान्यात नाकाला नळी लावून पडला होता. डॉक्टरांनी हाओला बाजूला घेऊन सांगितलं की आता देवाला आठवा. ती तिथून उठली ती थेट माझ्याकडे आली. "लुआताई, मोठं कासव हवं. डोंगरातलं. तळ्यातली बारकी नकोत."

मी एका शिकाऱ्याकडून मागवलं. काय कासव होतं! कवच पिकलेल्या फणसाच्या रंगाचं, आरपार दिसेल असं वाटावं इतकं नितळ. त्यावर मी थुअनचं पूर्ण नाव आणि जन्मसाल कोरलं. इतकं सुबक कोरलं की माझं मलाच कौतुक वाटलं. दिएपला कळू द्यायचं नाही, असं आम्हा दोघींचं ठरलं.

सातव्या महिन्याची पौर्णिमा म्हणजे आमच्याकडे आईबापांची पौर्णिमा. विहारात पाय ठेवायला जागा नसते. ज्यांची आई जिवंत आहे त्यांनी छातीवर लाल गुलाब लावायचा, ज्यांची गेली त्यांनी पांढरा. मी पांढरा लावला होता. दिएपही आली होती, करड्या झग्यात, छातीवर लाल गुलाब. बापासाठी प्रार्थना करायला आली होती. आई काय करणार आहे याचा तिला पत्ता नव्हता.

मंत्र झाले. हाओने कासव कपाळाला लावलं आणि तळ्यात सोडलं. ते दगडासारखं सरळ तळाला गेलं. लोक म्हणाले, "बघा, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही! पावलं हो पावलं!" हाओ रडत रडत हसली.

तेवढ्यात पायऱ्यांवरून आरडाओरड आली. "ते डोंगरातलं आहे! त्याला पोहता येत नाही!" लोकांना ढकलत दिएप खाली आली आणि झग्यासकट तळ्यात उतरली. दोनदा बुडी मारली. तिसऱ्यांदा वर आली तेव्हा हातात कासव होतं. तिने त्याचं डोकं खाली केलं, मान धरून पाय आतबाहेर केले. तोंडातून पाणी गळायला लागलं. मग ती त्याची पाठ पुसायला लागली आणि तिने नाव वाचलं. मी तेव्हा तिच्या तोंडाकडे बघत होते. तिला तोवर खरंच माहीत नव्हतं.

"ठेव ते परत," हाओ म्हणाली.

"आई, मरेल ते."

"तुझा बाप मरेल!"

"बाबांचं आणि याचं काही नातं नाही. कुणीतरी तुला फसवलंय." हे म्हणताना ती माझ्याकडे बघत होती.

हाओने तिच्या मुस्काटात मारली. सगळ्या गावासमोर, भिक्खूंसमोर. मग तिच्या छातीवरचं लाल फूल ओढून काढलं. "हे ज्यांची आई जिवंत आहे त्यांनी लावायचं. तुझी मेली. जा, पांढरं लाव!"

पोरगी रडली नाही. वरचा झगा काढून त्यात कासव गुंडाळलं, सायकलच्या पुढच्या टोपलीत ठेवलं आणि निथळत निघून गेली. मागून कुणीतरी चप्पल फेकून मारली. ती मी फेकली नव्हती, पण फेकणाऱ्याला अडवलंही नाही.

आता माझी गोष्ट. डोंगरी कासवाला पोहता येत नाही हे मला माहीत होतं. दिएपच्या जन्माच्या आधीपासून माहीत होतं. दर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, झाडूवाला यायच्या आत, मी लांब दांड्याचं जाळं घेऊन तळ्यावर जाते. तळातली मेलेली गोळा करते आणि विहारामागच्या बांबूच्या बनातल्या घळीत टाकून देते. सासूने शिकवलं ते असं होतं: "लोकांनी सोडलं, त्यांना पुण्य लागलं, पुढचं आपण बघायचं." मीही तेच स्वतःला सांगत आले. पुण्य सोडण्यात आहे, जगण्यात नाही, असं काहीतरी. खरं म्हणजे मला पोट होतं आणि गावात मान होता, तो गमवायचा नव्हता.

पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी थुअनची शुद्ध हरपायला लागली. झालं, गावाला जे हवं होतं ते मिळालं. पोरं तिला बघून ओरडायची, "बापखाऊ आली, बापखाऊ आली!" सायकलचे दोन्ही टायर कुणीतरी फाडले. नाक्यावरच्या बाईने तिला नूडलचा वाडगा द्यायचं नाकारलं. ही म्हणाली, "नका देऊ, तुमच्या रश्शात मीठ जास्तच असतं." एवढं होऊनही तोंड काही बंद होत नव्हतं. शेवटी ती केंद्रातच राहायला गेली. बापाला भेटायला दवाखान्यात गेली तर हाओने दारातूनच हाकललं. "कासव तळ्यात ठेव, मग ये." आणि थुअन? त्याला कासवाचं काही सांगितलंच नव्हतं. शुद्ध असायची तेवढा वेळ तो एकच विचारायचा, पोरगी कुठे आहे. हाओ सांगायची, केंद्रात काम फार आहे.

मग एक दिवस हाओ मला म्हणाली, "ताई, चल. आपण जाऊन कासव घेऊन येऊ." तिचा चेहरा असा झाला होता की नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

केंद्रात दिएप एका पत्र्याच्या छपराखाली बसली होती. कासव मांडीवर, हातात दात घासायचा ब्रश आणि बाजूला पिवळ्या औषधाची वाटी. तिने मान वर केली, आईला बघितलं आणि पुन्हा काम करायला लागली. मी वाकून पाहिलं. माझी अक्षरं सुजली होती. आतून घाण पाणी येत होतं आणि वास मारत होता. नावाची पहिली तीन अक्षरं खरवडून काढली होती.

हाओ किंचाळली. "त्याचं नाव पुसतेस? तो जिवंत असताना?"

"खाली पू आहे, आई. नाही काढला तर हे आठवड्यात मरतं." तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "काल दिवसभर घेऊन बसले होते. हात लावला गेला नाही. आज लावला."

हाओने कासवावर झडप घातली. तिथली डॉक्टरीणबाई मध्ये आली. शांत होती, पण डोळे कडक. "न्यायचं असेल तर मी धक्काबुक्की करणार नाही. पण आधी वनखात्याला फोन करावा लागेल. हे कासव विकायला बंदी आहे. कुणी विकलं ते ते विचारतील."

मी हाओचा दंड धरला. "चल हाओ, नंतर बघू. चल आता." हाओने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला पहिल्यांदाच बघत होती. पण तिच्यात ताकद उरली नव्हती. ती फाटकाशी जाऊन मातीत बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

मी तिच्या मागे निघाले तर दिएपने वाट अडवली. "मावशी, दोन मिनिटं. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

मागच्या खोलीत फळ्यांवर रिकामी कवचं मांडली होती. मोजली नाहीत मी, पण दोन रांगा होत्या. सगळी धुऊन, तेलाचा हात फिरवून ठेवलेली. प्रत्येकावर नाव, आणि प्रत्येक नाव माझ्या हातचं.

"अळंबी शोधताना त्या घळीत सापडली," ती म्हणाली. "या वसंतात. सगळ्यात आधी ते वरच्या फळीवरचं पहिलं."

"मग... गावाला दाखवणार तू?"

"नाही."

"का? दाखवलीस तर तुला कुणी काही बोलणार नाही. सगळं माझ्यावर येईल."

"तुमच्यासाठी नाही गप्प बसले. तुमचं मला काहीच वाटत नाही." कसली निर्दय पोरगी! हे म्हणताना डोळ्यांची पापणी लवली नाही. "ज्यांची नावं यांवर आहेत त्यांच्या घरी अजून उदबत्ती लागते. आमचं कासव तळ्यात आहे, म्हणून आमचं माणूस सुखात आहे, असं धरून बसलेत ते. त्यांच्यासमोर ही कवचं नेऊन आपटू, माझ्या सायकलचे टायर फाडले म्हणून? माझ्या तोंडून त्यांना कळणार नाही. कळायचं असेल तर तुमच्या तोंडून कळेल."

मी पळाले, असंच म्हणायला हवं.

आठव्या महिन्याच्या सुरुवातीला थुअन गेला. अंत्ययात्रेत हाओने पोरीला जवळ येऊ दिलं नाही. आम्ही सगळे कालव्याच्या अलीकडच्या काठाने शवपेटीमागून चाललो होतो, आणि ती पलीकडच्या बांधावरून एकटीच चालत होती, पांढऱ्या शर्टात, डोक्याला स्वतःच बांधलेली सुतकाची पांढरी पट्टी. आम्ही थांबलो की ती थांबायची, आम्ही निघालो की निघायची. लोक बघत होते आणि थुंकत होते. मी लोकांमध्ये होते. माझ्या जिभेवर एक वाक्य होतं, ते बोलले असते तर ती अलीकडे आली असती. मी ते गिळलं. त्या दिवशी मला तिचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नसेल. हिने त्या कवचांचं पोतं आणून माझ्या दारात ओतावं, मला शिव्या घालाव्यात, मग मीही हिला शिव्या देईन आणि प्रकरण मिटेल. पण नाही, ही गप्प बसून मला रोज मारणार.

माणूस गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशी त्याच्या नावाने जीव सोडतात, म्हणजे त्याला पुढची वाट नीट मिळते. त्याच्या आदल्या सकाळी हाओ माझ्या घरी आली. कपाळाला सुतकाची पट्टी, गाल आत गेलेले. हातातल्या पिशवीत कासव होतं, डोंगरातलंच. कुठून मिळवलं कोण जाणे.

"त्याचं नाव कोर, ताई. या खेपेला मी तळ्यापाशी दिवसभर उभी राहीन. कुणाला हात लावू देणार नाही."

मी कासव गुडघ्यांत धरलं. चाकू घेतला. पहिल्या अक्षराच्या जागी पातं टेकवलं आणि कासवाने मान आत ओढली. सगळीच ओढतात. हजारदा पाहिलंय. मी चाकू खाली ठेवला.

"हाओ, हे बुडेल."

"काय?"

"डोंगरातलं तळ्यात बुडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेलं असतं. मी जाळ्याने काढते आणि मागच्या घळीत टाकते. थुअनचं बुडत होतं. दिएपने काढलं म्हणून जगलं. ते अजून जिवंत आहे."

रस्त्यावरून पाववाल्याची हाक आली आणि गेली.

"किती वर्षं माहीत आहे तुला?"

"पहिल्यापासून."

"आणि त्या दिवशी मी तिला मारत होते तेव्हा तू माझ्या शेजारी उभी होतीस."

"होय."

तिने पट्टीची दोन्ही टोकं हातात घट्ट धरली. मग अगदी हळू विचारलं, "माझ्या आईचं? पाच वर्षांपूर्वी सोडलं ते? तेही डोंगरातलंच होतं."

हे तिने विचारू नये म्हणून मी कवचांच्या त्या खोलीतून निघाल्यापासून मनातल्या मनात हात जोडत होते. "तेही. दुसऱ्याच सकाळी काढलं मी."

"मी दर पौर्णिमेला तळ्यावर जाऊन तिच्याशी बोलते."

"माहीत आहे."

"दिएपला ठाऊक आहे हे?"

"वसंतापासून. घळीत सगळ्यात आधी तिला तुझ्या आईचंच सापडलं. धुऊन, तेल लावून वरच्या फळीवर ठेवलंय."

हाओ उठली. मला वाटलं, आता चाकू उचलते. तिने कासव उचललं, पिशवीत घातलं, पिशवी छातीशी धरली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

"चल."

"कुठे?"

"तिच्याकडे. आत्ता जे बोललीस ते तिच्यासमोर बोल, आणि येताना बाजारात उभी राहून बोल." तिने दारातून बाजूला होऊन मला वाट करून दिली. "तू पुढे हो. मला तुझं तोंड बघायचं नाहीये."